डोक्याचं माप

करारावर सह्या झाल्या तोवर चहा गार झाला होता.
विद्यापीठाची सतरा पानं, कंपनीची एकतीस,
आणि कुलसचिवांच्या पेनातली शाई नेमकी तेव्हाच संपली.
फोटोत मी कडेला, अर्धी.
मला एवढंच कळलं, की उद्यापासून
बाबा पेट्रोल पंपावरून शेअर रिक्षा, वाळूज, रोज.

शेडमध्ये उत्तरेश्वर घोडके. केजकडचे.
बावीस वर्षं मोटारसायकलचे ॲक्सल काढलेले.
त्यांच्यापुढे नकाशा पसरला : टंगस्टनच्या पात्या,
दोन रुपयांच्या नाण्याएवढ्या जाड, एकशेवीस नग.
"किरण अडवायला," मी म्हटलं.
त्यांनी चष्मा कपाळावर सारला.
"किरण दिसत न्हाई म्हनता. मग अडला का न्हाई, कसं कळावं?"
माझ्या तीन वर्षांच्या प्रबंधात
हा प्रश्न इतका सरळ कुठेच नव्हता.

म्हणून आम्ही डोकं केलं.
मेण, राळ, कवटीपुरती खडूची भुकटी.
आत चीर पाडून फिल्म सरकवायची,
आणि डाव्या कानामागे, खोल, गाठ.
आधी तिथं खरंच हरभरा ठेवला होता,
माप डोळ्यांना पटावं म्हणून.
शेडमधल्या पोरांनी त्याचं नाव ठेवलं दाजी.
दाजीला टेम्पोतून दवाखान्यात न्यायचं,
मांडीवर घेऊन, गतिरोधकाला हात लावून.

रात्री दहानंतर, पेशंट संपले की दाजीची पाळी.
तीनशे बारा वेळा.
तो काही बोलला नाही, त्याला ओकारी आली नाही,
त्याचे केस गळायला केस नव्हतेच.

फिल्म काळी पडली ती गाठीवर,
आणि गाठीच्या पलीकडे चार दशांश मिलिमीटर.
पुण्याचे साहेब म्हणाले, चालतं. मर्यादेत आहे.
घोडक्यांनी फिल्म ट्यूबलाइटकडे धरली.
"ह्या पल्याडच्या जाग्यावर काय असतंय?"
शब्द, मी म्हटलं. वस्तूंची नावं.
"ओव्हरटाइम लावा," ते म्हणाले,
आणि एकशेवीस पात्या परत उतरवायला घेतल्या.

नफीसा मॅडम सेलूच्या. प्राथमिक शाळा, चौथी ब.
गाठ दाजीसारखीच, त्याच कानामागे,
फक्त हरभरा नाही, चांगलं बोर.
ऊन पाण्यातून काढलेली जाळी
चेहऱ्यावर बसवताना म्हणाल्या, "नाकाला जपा,
आमच्या घरात एकटीचं सरळ आहे."

मग दार बंद. काचेपलीकडे त्या, स्क्रीनवर त्यांचा हात.
अंगठा चालू होता, गादीवर, टप टप.
मला वाटलं घाबरल्या.
बाहेर आल्या तर सांगतात,
"एकोणतिसाचा दोनदा झाला. उद्या तिसाचा घेते,
सोपा आहे, झोप लागेल."

सहा आठवड्यांनी तपासणी.
मी किल्ली धरली समोर. हे काय?
त्यांनी पाहिलं. बराच वेळ पाहिलं.
बाहेर कुणाचं तरी टोकन पुकारलं गेलं.
"कुलपाची बहीण," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच हसल्या.

फॉर्मवर रकाने दोनच, बरोबर, चूक.
विद्यापीठाचा फॉर्म, कंपनीचा ठसा.
मी पेन उघडून बसले.
संध्याकाळी वाळूजला फोन लावला.
ग्राइंडरच्या आवाजात दोनदा ओरडून सांगावं लागलं.
तिकडे मशीन बंद झालं.
"मग," घोडके म्हणाले, "सख्खी का चुलत, इचारलं का?"