दुरुस्ती

वेंगुर्ल्याच्या बाजारात खाली बेकरी, वर माझा स्टुडिओ,
म्हणजे खोलीच. एक निळा पडदा, एक स्टूल.
पासपोर्ट साइझ, आठ कॉप्या ऐंशी रुपये.
काजू फॅक्टरीतल्या बायका शनिवारी सुटल्या की जिना चढतात,
बोटं चिकानं काळी, म्हणून हात पदराखाली.
फोटोत हात येत नाहीत, मी सांगतो,
तरी लपवतात.

द्वारका कुबल मात्र सोमवारी आली, बंदरावरचा लिलाव आटपून,
रिकामी पाटी जिन्यात उपडी ठेवून.
घोवाचं मच्छीमार ओळखपत्र पुढं केलं,
कोपऱ्यातून मीठ शिरलेलं.
"मोठो कर. भिंतीर लावूचो आसा.
गुरवारी वरीस होता."

रात्री स्कॅन करून बसलो.
अंगठ्याएवढ्या कागदात
एवढा माणूस कसा मावला होता कोण जाणे.
उन्हाकडे बघून बघून डावा डोळा अर्धा मिटलेला, कायमचाच.
रापण ओढताना गळ्याची शीर फुगली असेल कधीतरी,
ती परत खाली बसायची राहून गेलेली.

माझा हात सवयीचा. लग्नाच्या सीझनला
नवरीच्या मुरुमांवर फिरवतो तसाच ब्रश फिरवला.
कपाळ सपाट. डोळे सारखे.
ओठाखालचा व्रण एका क्लिकमध्ये.
चहा घेऊन परत बघितलं तर एक बरा माणूस,
तालुक्याच्या बँकेत काउंटरमागे असतो तसा.

बुधवारी ती बघतच राहिली.
"ह्यो कोण?"
तुमचेच हे, मी म्हटलं.
"गोरो केलंस तेका. पंख्याखाली बसलेलो दिसता.
माझो घोव खय गेलो?"

मग एकेक पायरी मागं गेलो. ती शेजारी उभी,
अंगाला बांगड्याचा वास, बोट स्क्रीनवर.
"हां, ह्या ऱ्हवांदे. ह्या पण."
कपाळ परत आलं. डोळा परत मिटला.
पहाटे तीनला होडी लोटलेली चौतीस वर्षं
माउसच्या टिचक्यांनी भरत गेली.
ओठाखालचा व्रण उमटला तशी ती खुदकन हसली.
"ता दर्याचा न्हय. ता माझ्या डवलीचा.
नव्यान लगीन झालेला, कढी खारट म्हणालो."
हसताना तिच्या गालांना किती घड्या पडतात
ते मला तेव्हा दिसलं. कॅमेरा हाताशी होता.
उचलला नाही.

फ्रेम साधी सांगितली. आणि काच नको.
"काचेत माझाच तोंड दिसता मधी."
खाऱ्या हवेत बिनकाचेचा फोटो, मी म्हटलं,
शिमग्यापर्यंत डाग पडतील.
"पडांदेत,"
कनवटीची ओलसर नोट सोडवत ती म्हणाली,
जिन्यातली पाटी उचलून डोक्यावर ठेवली
आणि उतरली.
पाटीत काही नव्हतं,
मान तरी तशीच, वजनाखालची.