उतरताना दाखवलं नाही

कुडचड्याच्या चंद्रिका टॉकीजमध्ये
एकतीस वर्षं मी टॉर्च धरतोय.
हल्ली पडदा आठवड्यातले चार दिवस मुका असतो,
उरलेले तीन दिवस उंदीर आणि मी
बाल्कनीतून पिक्चर बघतो.

पण त्या शनिवारी मोटारी लागल्या
पार स्टेशनच्या वळणापर्यंत.
मडगावहून पोरं आली, पायांत बूट,
ज्यांना डोंगर अजून लागलेला नाही असे कोरे.
तिकीट दीडशे, सोबत कोकम सरबत फुकट.
बॅनरवर लिहिलेलं: साहसपटांची संध्याकाळ.
आमचे मालक लाडू बाब, वय एक्क्याऐंशी,
स्टुलावर चढून स्वतः पंख्यांना तेल घालत होते.
म्हणाले, माझा खेळ झाला, आता त्यांचा.

पहिली फिल्म बर्फाची.
एक बाई, एकटी, घसरगाडी ओढत चाललेली,
पापण्यांवर मिठागरासारखा पांढरा थर.
हॉलमध्ये एप्रिल.
लोक घाम पुसत थंडी बघत होते,
आणि फार्मसीवाल्या डायसच्या बायकोनं
नसलेली शाल खांद्यांवरून ओढून घेतली.

दुसरी नदीची.
होडी उलटली, पोरगा पाण्याखाली,
मी अकरापर्यंत मोजलं.
सावर्ड्याच्या पुलाखालची आमची जुवारी
अशी कधी उधळली नाही,
ती चालते बार्जच्या चालीनं,
तांबडी, पोटुशी, कुणाला न विचारता.

मध्यंतरानंतर कुष्टा वेळीप आला.
पाडेली. अर्ध्या गावाचे नारळ
त्याच्याच हातांनी जमिनीवर आलेत.
न आलेल्या कुणाचं तरी तिकीट त्याला मिळालेलं.
कंबरेला कोयता नव्हता, तर कंबरेचं काय करायचं
हे न कळून दोन्ही हात तिथंच धरून उभा.
सी-चौदा, मी टॉर्च मारला.
उजेडात आधी पाय दिसले,
चपलेबाहेर निघालेला अंगठा,
बाकीच्या बोटांशी कधीचं भांडण असल्यासारखा.

पडद्यावर कडा.
त्यावर एक माणूस, दोरीशिवाय,
बोटांना खडूची पूड, छातीवर कंपनीचं नाव.
कुणाचं तरी वेफर्सचं पाकीट
उघडता उघडता थांबलं.
मी टॉर्च विझवायचा विसरलो,
वाटेवर उजेडाचं एक ताट पडून राहिलं.

कुष्टा पुढं झुकला, म्हणाला
मला, नाहीतर समोरच्या खुर्चीला:
"फातर बरो. फातर हालना."

मग मला तो कडा धड दिसेना.
दिसायला लागला माड,
चाळीस हातांवर, वारा सुटलेला,
आणि ज्याला मिठी मारलीय
तेच डुलतंय.
एका माडाचे सत्तर रुपये.
झावळीत गांधील असेल तर तिचे वेगळे नाहीत.

माथ्यावर त्या माणसानं हात पसरले.
टाळ्या. दिवे.
भगव्या जाकिटातल्या आयोजकानं विचारलं, कुणाला प्रश्न?
एका मुलीनं भीतीबद्दल विचारलं,
दुसऱ्यानं कॅमेऱ्याबद्दल.
सोडतीत डोक्याला बांधायचा दिवा
बँक मॅनेजर केरकरांना लागला.
त्यांनी तो तिथंच बांधून बायकोकडं बघितलं,
तिनं डोळे मिटून घेतले.

बाहेर रस-ऑम्लेटच्या गाड्यावर
कुष्टा पाव बुडवता बुडवता थांबला.
"आनी तो देंवलो कसो? तें दाखयलेंच ना."
मी म्हटलं, असेल मागून एखादी वाट.
तो हसला. शर्टाचं वरचं बटण उघडंच होतं,
छातीची कातडी सुकटासारखी.
"माडाक फाटल्यान वाट ना," म्हणाला,
आणि राहिलेला रस पुसून घेतला.

गर्दी गेल्यावर मी झाडू मारला.
प्रोजेक्टरच्या केबिनीत दिवा राहिलेला,
तो घालवायला लोखंडी शिडी चढलो.
एकोणीस पायऱ्या. चढताना कधीच मोजल्या नव्हत्या.
उतरताना टॉर्च दातांत धरला,
तोंड भिंतीकडं,
पायानं एकेक पायरी विचारत.

वरून तिसरीचा बोल्ट ढिला आहे.
लाडू बाबना सांगायला हवं.