ओला चुना

स्विंडनचं पाणी जड.
किटली दर पंधरवड्याला व्हिनेगर मागते,
नाहीतर तळाला पांढरी खपली धरते
आणि चहावर बारीक कपच्या तरंगतात.
तसलीच खपली तुमच्या काळजाच्या नळ्यांत आहे का,
एवढंच बघायचंय, म्हणाले.

बेकरीत पहाटे चारला पिठाची पोती सरकवताना
डावा जबडा दुखायचा.
मी दाताच्या डॉक्टरकडे गेले.
दात चांगले निघाले.

मंगळवारी सीटी. नाडी ब्याऐंशी.
"साठाच्या खाली आणूया," म्हणत लुर्दिनानं गोळी दिली.
धावत्या काळजाचा फोटो पुसट येतो म्हणे,
शाळेच्या फोटोत ऐन वेळी मान वळवणाऱ्या पोरासारखा.
तासभर बसून राहिले,
पार्किंगमधल्या गाड्या मोजत,
काळीज सावकाश होण्याची वाट बघत.
सत्तावन्न वर्षं त्याला
आटप, आटप, एवढंच म्हणत आले होते मी.

"भियेनाका," ती म्हणाली.
कुडचड्याची निघाली.
भिऊ नकोस या शब्दांचं सख्खं भावंड
इतक्या लांब, पांढऱ्या भिंतींच्या खोलीत भेटलं.
त्यानं उतरली की गोळीनं, कोण जाणे.
अठ्ठावन्न.

जिभेखाली फवारा. सुईतून औषध.
अंगभर ऊब धावली, नको तिथंसुद्धा.
वाटलं, या वयात गादी ओली केली की काय!
यंत्रातला पुरुष म्हणाला,
श्वास घ्या. धरून ठेवा.

धरला.
आणि त्या धरलेल्या श्वासात लोणार आळी आली.
घाणीभोवती फिरणारा एकशिंगी बैल,
चरातून घरंगळणारं दगडी चाक,
चुना, वाळू, गुळाचं पाणी, भिजवलेला हिरडा.
दादा दोन बोटांत चिमूट चोळून बघायचे.
"वाळला तो आपला," म्हणायचे,
"नातवंडं म्हातारी होतील, तो हलायचा नाही.
ओल्याचं मात्र कुणी सांगू नये.
वरून गुळगुळीत, आणि रात्रीत भिंत खाली."

ते स्वतः असेच गेले.
त्रेपन्नाव्या वर्षी, हौदापाशी हातपाय धुताना.
पित्त असेल, लोक म्हणाले.
एका हाताचा चुना
धुवायचा राहिला होता.

श्वास सोडा, म्हणालं यंत्र.

दोन आठवड्यांनी डॉक्टर व्हिटकोमनं पडदा माझ्याकडे वळवला.
करडं काळीज, त्यावर वळणं घेत उतरणाऱ्या वाटा,
आणि वाटेवर कुणी सांडल्यासारखे पांढरे ठिपके.
"हे कॅल्शियम. आकडा एकशे चौऱ्याऐंशी."
लोकांनी लावला तो लावला,
आता रक्तानंही मला चुना लावला, असं मनात आलं.
हा विनोद इंग्रजीत नेता येईना,
म्हणून एकटीच हसले.
तो जरा दचकला.

"पांढऱ्याची फार धास्ती नको," तो म्हणाला,
"ते जुनं आहे, बसलेलं आहे."
मग पेनाचं टोक सरकवून
एका काळपट, जेमतेम दिसणाऱ्या डागाशी थांबला.
"हे मऊ आहे. लक्ष याच्यावर ठेवायचं."

"ओला चुना," मी म्हटलं. मराठीतच.
त्यानं मान हलवली,
माणसं न कळलेल्या गोष्टीला हलवतात तशी.

रोज रात्री एक गोळी. मऊ ते घट्ट व्हावं म्हणून.
"आणि पुढच्या खेपेला आकडा वाढला तर?"
"वाढेलही. ते वाईटच असेल असं नाही."
त्याच्याकडे शिक्षण आहे, आकडे आहेत, पडदा आहे.
दादांकडे दोन बोटं होती,
आणि त्यांच्या आत वाकून बघायला
कुणीच नव्हतं.

आता रात्र. किटली घासून पालथी घातली आहे.
गोळी घेतली.
झोपण्याआधी मनगटावर दोन बोटं ठेवते,
ते चिमूट बघायचे तशी.

अजून ओलं आहे.
भार बेतानं.