फावडं घरात ठेव

हर्षाली, तुझा मेसेज आला तेव्हा मी
चेंबर नंबर चारमधून बाहेर येत होतो.
भुवयांवरचं हिम पुसलं, चष्मा लावला.
"बाबा, आज रात्री बर्फाचं वादळ. उणे एकतीस.
इथले जुने लोकही घाबरलेत."

तुर्भ्यात रात्रीचे अडीच.
एकोणीस अंशांत आमच्या वॉचमननं
मफलरमधून नुसतं नाक बाहेर ठेवलंय.

घरातले तुला विचारतील, बर्फ कसा दिसतो, फोटो पाठव.
मला नको फोटो. अठरा वर्षं मी
उणे बावीसमध्ये वाटाण्याच्या गोणी मोजतोय.
आपल्या अख्ख्या घराण्यात थंडीचा जाणकार मी एकटा,
आणि हे ज्ञान आजवर कुणाच्या कामी आलं नव्हतं.

तर ऐक.
जाड एक मोजा नको, पातळ दोन घाल.
बुटात बोटं हलली पाहिजेत.
ओल्या हातानं लोखंडाला शिवू नकोस,
कातडी तिथंच राहते. कमळाकर भोईरचा अंगठा
अजून गुळगुळीत आहे, आधारला उमटत नाही.
घाम येऊ देऊ नकोस. हे कुणी सांगत नाही.
आणि थरथर थांबली की एकदम बरं वाटतं,
तेव्हा बरं वाटून घ्यायचं नाही.
तेव्हा उठायचं आणि दाराकडे चालायचं.

पाण्याचं तुला काय शिकवू?
टब, बादल्या, पातेली, तांब्यासुद्धा भरला असशील,
घणसोलीची पोर तू, शुक्रवार अंगात मुरलेला.

मेणबत्त्या? काडेपेटी पिशवीत बांधून?
आईनं दिलेलं जवळ्याचं पुडकं
उघडू नकोस म्हणालो होतो, वास जाईल वरती म्हणून.
आज उघड. वादळात कुणी वासाची तक्रार करत नाही.
वरच्या घरमालकिणीलाही दे थोडा, भातासोबत.
एकटी असते म्हणालीस ना.

आणि तुझ्या तळघराचं दार,
ते आत उघडतं की बाहेर? जाऊन बघ. मी थांबतो.

बाहेर.
मग फावडं घरात ठेव.
अंगणात नाही, जिन्यावर नाही, घरात. उशाशी.
चौदा साली चारच्या चौकटीला बर्फ धरला,
मी आणि रमाकांत आत,
हातोडा बाहेर खिळ्याला टांगलेला.
किती वेळ, ते तुझ्या आईला अजून माहीत नाही.
तेव्हापासून हातोडा आत असतो.
लाल रंग मी दिला त्याला.

चल, बेल झाली. कोळंबीच्या आठशे पेट्या
पहाटेच्या कंटेनरमध्ये चढवायच्यात.
वीस मिनिटं आत, दहा बाहेर, असा नियम आहे.
आज पंख्याखाली जरा जास्त उभा राहीन म्हणतो.
उणे बावीस कळतं मला,
वरचे नऊ अंश किती असतात
त्याचा अंदाज येत नाहीये.

फोन कोटाच्या आत, शर्टाच्या खिशात ठेवतोय.
गारठला की बॅटरी मरते.
तूही तिथंच ठेव.