अर्थिंग

बत्तीस वर्षं मी वेली तोडल्या.
वीज खातं, कुडचडे, लाइनमन.
तिळामळपासून शेल्ड्यापर्यंतच्या तारा माझ्याकडे
आणि दर मे महिन्यात
बांबूच्या टोकाला बांधलेला कोयता.
खांबावर चढलेलं काहीही हिरवं
म्हणजे पावसात फ्यूज, रात्री दोनला फोन,
आणि एकदा, केपें रस्त्यावर,
ओल्या वेलीतून खाली उतरलेला करंट
नि आमचा हेल्पर पुनो वेळीप, वय तेवीस.
त्याच्याबद्दल एवढंच.

आता निवृत्त.
परसातला खांबही तसाच.
लाइन रस्त्याकडे सरकली, तारा उतरल्या,
खांब न्यायला कुणी आलं नाही.
अंगावर अजून नंबर, एकेचाळीस बाय तीन,
मीच रंगवलेला, तीन जरासा वाकडा.

शेजारची एपिफानिया लिस्बनला लेकाकडे जाताना
गुळवेलीचा एक तुकडा देऊन गेली,
वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
उलटा लावू नकोस, एवढंच म्हणाली,
चावी देताना म्हणावं तसं.
तिरका लावला. दोन डोळे मातीत, एक बाहेर.
लोखंड उन्हात तापतं म्हणून
खांबाला काथ्या गुंडाळला, हात पोचेल तिथवर.
बायको पायरीवर कोकमं फोडत होती.
म्हणाली, जन्मभर उतरवलं, आता चढवा.

दुसऱ्या वर्षी शिगम्याच्या सुमाराला
पानं पिवळी पडली, मग गेलीच सगळी.
उरली खरखरीत दोरी,
कागदासारखी साल सुटलेली.
सून म्हणाली, मेली ती, काढून टाका.
मी नखाने जरासं खरवडलं.
आत हिरवं. ओलं.
नख जिभेला लावलं, कडूजहर.
नातू तांब्या घेऊन आला, पाणी घालू?
नको म्हटलं.
झोपलेल्याच्या तोंडात पाणी ओतत नाहीत.

मे आला, डोळे फुटले, पानं धरली,
आणि मी बाजारात गेलो होतो त्या सकाळी
खात्याची पोरं जीप घेऊन आली.
नवीन, कंत्राटी, चांगली पोरं.
खांब दिसला, वेल दिसली.
छातीएवढ्या उंचीवर एक घाव,
खालचं मुळासकट गडग्यापलीकडे.
कुणावर ओरडणार?
घाव बघितला. तिरका, स्वच्छ.
मी ज्यांना शिकवलं त्यांनी शिकवलेला.

वरचं लोंबकळत राहिलं.
काढलं नाही. आळस म्हणा.
पंधरा दिवस पानं तशीच टवटवीत,
जणू बातमी वर पोचलीच नव्हती.
मग घावाच्या थोडं वर एक धागा दिसला,
शिवणाच्या दोऱ्याएवढा,
हवेतून खाली निघालेला.
कधी दोन बोटं, कधी चार,
कधी आठवडाभर काहीच नाही.

मी बरेच उपद्व्याप केले.
कोंबड्यांनी टोचू नये म्हणून
खाली फुटक्या घागरीचा गळा ठेवला,
आत माती, कुजलेला पाला.
वारा येतो त्या बाजूला पत्रा उभा केला.
धरून खाली ओढावा असंही वाटलं एकदा.
तुटला असता.

चवथीच्या आदल्या दिवशी
माटोळीला सुपाऱ्यांचा घोस बांधता बांधता
मधेच उठून बघायला गेलो.
टोक मातीत शिरलं होतं.
आम्ही खड्डा खणून, मीठ-कोळसा भरून,
पट्टी पुरून जे करायचो
ते हिने एका दोऱ्यावर केलं.
खाली उतरतं ते सगळंच मारायला येत नाही,
असं काहीतरी मनात आलं.
पुनोच्या आईला सांगायला जाणार नाही.

धागा आता करंगळीएवढा झालाय.
पुन्हा पानं गळतील, सून पुन्हा विचारेल.
सकाळी चहाआधी मी जातो, हात लावतो.
खांबात काही नाही, मला ठाऊक आहे,
तरी तळवा नाही लावत,
हाताची मागची बाजू आधी.
करंट असला तर मूठ वळते,
मग सोडायची म्हटली तरी सुटत नाही.