दीड झोका

त्रिशला शिरगावेंनी गाडी टोचन करून आणली,
उसाच्या रिकाम्या ट्रॅक्टरमागं दोर बांधून.
उद्यमनगरात तीन लेथ थांबली बघायला.
दोन माणसांची, बुटकी, हिरवी एम.जी.
बॉनेटवर वर्षभराची धूळ,
धुळीत कुणा पोरानं काढलेला बदाम.

"बाबांची," त्या म्हणाल्या.
"डुलती. स्पीडब्रेकर मागं पडला तरी डुलतच ऱ्हाती."

मागच्या मडगार्डवर दोन्ही हात ठेवले,
दाबलं, सोडलं, मोजलं.
चांगल्या गाडीला दीड झोका लागतो.
वर येती, अर्धी खाली जाती, गप्प.
ही पाचावर गेली, पाळण्यागत.

गिऱ्हाइकाला वाटतं, शॉकप धक्का खातो.
धक्का खातो पाटा.
शॉकप त्याच्या नंतरचं बघतो.
खड्डा कधीच मागं गेला, तरी पाटा तीच गोष्ट
परत परत सांगत बसतो,
त्याला हा म्हणतो, झालं. कळलं. बस.

जुन्या गाडीचा शॉकप नळीचा नसतो.
ओतीव डबी, दोन मुठींची,
तिला बाहेर एक हात, कोपरात वाकलेला.
आत पिस्टन, तेल, आणि तेलाला जायला
सुई शिरंल न शिरंल एवढं भोक.
तेल घाई करतं. भोक करू देत नाही.

गुंडू लोहार, माझे वस्ताद, सांगायचे :
बूच उघडायच्या आधी वरची माती काढ.
ब्रशनं, मग रॉकेलनं, मग चिंधीनं,
मग दुसऱ्या चिंधीनं.
वाळूचा एक कण आत गेला
तर दहा वर्षं तुझ्या नावानं ओरडंल.

उजवा कोरडा निघाला. खाली चॅसीवर
काळा ओघळ, वाळून डांबर झालेला.
डावा उघडला तर काठोकाठ,
तेल मधासारखं, हात जड, एकसारखा.

"डावीकडं कुणी बसलंच नाही," त्या म्हणाल्या.
"आई भ्यायची. मला म्हणायचे, मोठी हो मग.
मोठी झाले तर म्हणाले, आता तुझं लग्न."
भट्टीकडं बघत म्हणाल्या, माझ्याकडं नाही.

मला ठाऊक होतं खरं काय ते.
डावा चौऱ्याऐंशी साली बदललेला,
वाघबिळाच्या वळणावर दगडाला घासला म्हणून,
ह्याच शेडमधी. बॅटरी मी धरली होती.
डबीच्या बुडाला वस्तादांचा पंच, तीन ठिपके.
उजवा पहिल्यापासूनचा. सील म्हातारं. एवढंच.
आपल्याकडं रस्ता तुटतो तो डाव्या कडंला,
रिकामी सीट शॉकपला कळत नाही.

हे सगळं जिभंवर आलं
आणि बाहेर पडलं एवढंच :
"असंल, ताई."

सील कापलं. बुश शेजारच्या लेथवर करून घेतला.
वीस नंबरचं तेल.
डबी व्हाइसमधी आवळून हात वर, हात खाली,
परत तेल, परत वर.
आत बुडबुडा असला की हात मधीच हलका पडतो,
बोलता बोलता माणूस थांबावा तसा.
"मी करू?" त्या म्हणाल्या,
आणि घड्याळ काढून खिडकीत ठेवलं.
एकतिसाव्या खेपेला बूड-बूड झालं.
त्या हसल्या नाहीत. अजून वीस मारल्या.

संध्याकाळी मडगार्ड दाबलं.
एक. अर्धा.
त्यांनी स्वतः दाबून बघितलं. परत बघितलं.

"तुम्ही चालवा," म्हणाल्या, आणि डावीकडं बसल्या.
केर्लीच्या अलीकडं ट्रॅक्टरनं पाडलेल्या चरीत
चाक गेलं, आलं, गाडी जागेवर.
त्यांचा हात डॅशबोर्डला घट्ट,
चर संपल्यावरसुद्धा बराच वेळ.

परतताना वडणग्याच्या फाट्याला पेट्रोल संपलं.
काटा कधीचाच बंद होता, तो मला सांगायचा राहिला.
दोघांनी मिळून ढकलली.
त्या डावीकडून.