हजर

आमच्या बेटावर एक जुलै म्हणजे दोन दिवस.
बारापर्यंत झेंडा अर्ध्यावर,
बारानंतर केक.

सकाळी एफी टल्क पोस्टाच्या खिडकीत बसते,
पुढ्यात बुटांचं खोकं, खोक्यात निळी कापडी फुलं:
पाच पाकळ्या, मधे पिवळा ठिपका
आणि एक टाचणी, जी दर वर्षी कुणाला तरी टोचतेच.
"पैसे डब्यात टाका," म्हणते. मोजत नाही.

नोव्हेंबरात सगळा देश लाल पॉपी लावतो. आम्हीही लावतो.
हे निळं मात्र न्यूफाउंडलंडचं,
आम्ही त्या देशाचे झालो त्याच्याही आधीचं.
नावातच विनवणी आहे त्याच्या: विसरू नको मला.
कोण कुणाला म्हणतंय,
ते नावात कुठे नाही.

चर्चमागच्या दगडापाशी आम्ही चाळीसेक जण,
निम्मे खेकड्यांच्या बोटीवरून थेट आलेले,
बाह्यांना आमिषाचा वास.
धुकं निघालं निघालं म्हणता पुन्हा बसलेलं.
हेडली ब्रेट एका अंगाला, कुंपणाला टेकून.
तो बोस्नियाहून परतला तेव्हा मी शाळेत होते.
फूल तो कधीच लावत नाही,
डब्यात मात्र नोट घडी करून टाकतो.
एकदा विचारलं, तर म्हणाला,
"ते न आलेल्यांसाठी. मी तर आलो."
आणि जरा वेळाने, "बहुतेक."

पाद्रीबाई नावं वाचू लागल्या.
दगडावर अकरा, त्यांतले चार पार्डी,
एकाच घरातले दोन.
फ्रान्सच्या कुठल्याशा उतारावर, सकाळच्या अर्ध्या तासात.
एक होडी मासे साफ करायला
आमच्याकडे याहून जास्त वेळ लागतो.

अल्बर्ट पार्डी.
एझ्रा पार्डी.
लुईस पार्डी.

"हजर!"

पहिल्या रांगेतून, खणखणीत.
माझा भाचा, वय वर्षं नऊ,
पणजीच्या भावाचं नाव मिरवणारा.
शाळेतली सवय, जीभ पुढे आणि अक्कल मागून.
त्याचे कान लाल झाले. बहिणीने दंड धरला.
कुणीच हसलं नाही.
पाद्रीबाईंचं बोट त्या नावावरच राहिलं,
खाली सरकेना.
इतकी वर्षं आम्ही हाका मारत आलो
आणि उत्तर येणार नाही या भरवशावर
नीटनेटके गप्प उभे राहिलो.

हेडली कुंपण सोडून आला.
गुडघे टेकले, जे त्याला जमत नाही,
हे सगळ्या गावाला ठाऊक आहे.
पोराच्या खिशावर फूल उलटं लागलं होतं,
ते काढून सरळ लावू लागला.
"बरं केलंस," म्हणाला. "आता पुढचे ऐक."
टाचणी त्याच्या अंगठ्यात घुसली.
अर्धी शिवी त्याने गिळली, अर्धी सुटली,
तेव्हा एफी हसली,
मग पाद्रीबाई,
मग उरलेली सात नावं
जरा मोकळ्या आवाजात वाचली गेली.

बाराला झेंडा वर चढला.
दर वर्षी मी इथेच अडते:
फूल आता काढायचं, की केक खातानाही राहू द्यायचं?
काहीजण काढून खिशात टाकतात,
ते पुढल्या आठवड्यात धुण्यात सापडतं.
हेडली धक्क्यावर पाय सोडून बसला होता,
एका हातात केक, दुसऱ्या हाताचा अंगठा तोंडात.
मी शेजारी बसले. काही विचारलं नाही.

समोर पोरं त्या बर्फाळ पाण्यात उड्या मारत होती.
लुईस शर्टासकट, फुलासकट.

रात्री बहिणीने शर्ट दोनदा चोळला.
खिशावर फिकट निळा डाग,
अंगठ्याएवढा.
तिसऱ्यांदा साबण उचलला, पुन्हा ठेवला.
तसाच वाळत घातला बाहेर,
धुक्यात.